मासे सगळ्यात शेवटी

खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवणं आणि त्या महिनोन्‌महिने सांभाळणं हे माझं काम. गोड्या पाण्याच्याही बसवतो, पण जीव रमतो तो खाऱ्यातच. माझी गिऱ्हाइकं मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातली, थोडी पुण्याची. नवीन माणसाचा फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : "दादा, नेमो ठेवायचाय, किती खर्च येईल?" ‘फाइंडिंग नेमो’ २००३ साली आला. तेव्हा थिएटरात बसलेली पोरं आता स्वतःच्या पोरांसाठी फोन करतात. काहींच्या डोक्यात तारापोरवाला असतं. मरीन ड्राइव्हचं ते मत्स्यालय १९५१ साली उघडलं, २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन पुन्हा सुरू झालं आणि करोनाच्या काळात बंद पडलं. लहानपणी तिथल्या काचेला नाक लावून उभं राहिलेल्या माणसाला तो निळा उजेड आपल्या घरात हवा असतो. ही ओढ मला फार मोलाची वाटते. तिच्यापायी माणूस एखाद्या जिवाची रोजची जबाबदारी आपणहून घ्यायला तयार होतो.

म्हणूनच मी फोनवर माशांबद्दल काही सांगत नाही. घर बघायला येतो म्हणतो.

घरी गेलो की तीन गोष्टी विचारतो. टाकी कुठल्या भिंतीला ठेवणार? मे महिन्यात दुपारी ही खोली किती तापते? आणि गणपतीला गावी जाता का, किती दिवस?

भिंतीचं लवकर आटपतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे आमच्या भाषेत ‘तीन बाय दीड बाय दीड’, ही टाकी काठोकाठ भरली तर एकशेऐंशी लिटर पाणी मावतं. वाळू, खडक, काच आणि स्टँड धरून वजन अडीचशे किलोच्या घरात जातं. ती भिंतीलगत हवी, शक्यतो खाली बीम असेल तिथे. समोरच्या खिडकीतून ऊन थेट पडत असेल तर ती जागा सोडायची, कारण उन्हाने शेवाळ वाढतं आणि पाणीही तापतं. प्लगचा बोर्ड टाकीच्या मागे खाली नको, बाजूला आणि वरच्या अंगाला हवा. खारं पाणी वायरीवरून ओघळतं, वाळलं की पांढऱ्या मिठाचे खडे धरतात, आणि ते मीठ लोखंड, पितळ, सॉकेट काहीही सोडत नाही.

इथे बहुतेक जण म्हणतात, "एवढी मोठी नको हो. आधी एक फुटाची छोटी घेतो, जमलं तर पुढे बघू." हे बोलणं अगदी शहाणपणाचं वाटतं. गोड्या पाण्याच्या गप्पींच्या बाबतीत ते चालूनही जातं. खाऱ्या पाण्यात मात्र छोटी टाकी ही अनुभवी हातांची टाकी आहे, आणि का ते मी कागदावर आकडे मांडून दाखवतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. समजा, तीस लिटरच्या टाकीतून दिवसाला एक लिटर पाणी उडतंय आणि घरचे तीन दिवस लग्नाला गेलेत. परत येईपर्यंत सत्तावीस लिटर उरलं, क्षार ३५ वरून जवळजवळ ३९ वर गेले. तीन फुटी टाकीत खडक आणि वाळू वजा जाता दीडशे लिटर पाणी धरा. तिचा पृष्ठभाग मोठा, म्हणून दिवसाला दोन लिटर उडालं असं मानू. तिथे तीन दिवसांनी आकडा साडेछत्तीसच्या आत असतो. प्रवाळाच्या समुद्रात एका आठवड्यात एवढीही उलथापालथ होत नाही, आणि तिथून आलेल्या जिवाची शरीररचना त्या स्थिर पाण्यावर बेतलेली असते. कमी पाण्यात प्रत्येक गोष्ट झपाट्याने बदलते : क्षार, तापमान, उरलेल्या दाण्यांतून झालेला अमोनिया. नवशिक्याला हवा असतो तो वेळ, आणि टाकी जितकी मोठी तितका जास्त वेळ ती त्याला देते. जागा आणि खिसा परवडेल तेवढी मोठी घ्या, पण जिच्या तळापर्यंत हात पोचेल एवढीच उंच घ्या, हे माझं पहिल्या टाकीबाबतचं ठाम मत आहे.

मे महिन्याचा प्रश्न सगळ्यांत जड. प्रवाळाच्या आसपासच्या माशांना चोवीस ते सत्तावीस अंश सेल्सिअस मानवतं. आपल्याकडे मेमध्ये पंख्याखालची खोलीच बत्तीस-तेहतीसला असते, त्यात पंप आणि दिव्यांची उष्णता मिळते. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो; खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्यापेक्षा कमी विरघळतो. पुण्याची मंडळी टाकीवर छोटे पंखे लावतात. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. कारण तिथली उन्हाळ्याची हवा कोरडी. ठाण्या-मुंबईत हाच पंखा तितका उपयोगी पडत नाही. हवाच दमट, वाफ होणार कुठून? मग चिलर लागतो, आणि तो पुष्कळदा टाकीच्या काचेपेक्षा महाग पडतो. विजेचं बिल वेगळं. शिवाय चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, त्यामुळे तो टाकीखालच्या बंद कपाटात कोंडता येत नाही.

डोंबिवलीत एक शिक्षक जोडपं आहे. एप्रिलच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं. मी ताईंना म्हटलं, "टाकी ठेवायची त्या कोपऱ्यात आत्ता एक बादली भरून ठेवा, तीत थर्मामीटर सोडा. सकाळी आणि दुपारी चारला आकडा कॅलेंडरवर लिहा. जूनमध्ये बोलू." त्यांनी खरंच लिहिला. जूनमध्ये गेलो तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकटीत दोन बारीक आकडे होते, दुपारचा लाल पेनाने. लाल आकडे बहुतेक एकतीस-बत्तीसचे. यजमान म्हणाले, "म्हणजे चिलर घ्यावाच लागणार." ते त्यांनी माझ्याकडून ऐकलं नव्हतं, स्वतःच्या बादलीतून वाचलं होतं. त्यांनी दिवाळीच्या बोनसपर्यंत टाकी पुढे ढकलली आणि चिलरसकट घेतली. आज माझ्याकडच्या सगळ्यांत निरोगी टाक्यांमध्ये ती आहे.

गणपतीचा प्रश्न ऐकून लोक आधी गोंधळतात. पण कोकणातली माणसं सात-दहा दिवस गावी जातात, घर बंद. तेवढ्या दिवसांत उडालेलं पाणी कोण भरणार? त्यासाठी पातळी ओळखून आपोआप गोडं पाणी सोडणारं यंत्र मिळतं. त्याच्या बादलीत पाणी किती दिवस पुरेल हे मोजून बघावं लागतं. गोडंच पाणी भरायचं, खारं नाही, कारण मीठ टाकीत शिल्लकच असतं. वीज गेली तर पंप थांबतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवा. खाणं घालायला शेजारी येणार असतील तर रोजच्या पुड्या बांधून द्याव्यात, डबा कधीही देऊ नये. प्रेमाने घातलेलं जास्तीचं खाणं मी फार ठिकाणी पाहिलंय. निरोगी, धष्टपुष्ट क्लाउनफिशला, म्हणजे नेमोला, दोन-तीन दिवस उपास घडला तरी काही होत नाही. खाली कुजलेल्या दाण्यांनी मात्र पूर्ण टाकी जाते.

आता पाणी. "जुहूहून दोन कॅन आणले तर?" हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, त्यात सांडपाणी मिसळतं, पावसाळ्यात त्याचे क्षार कोसळतात. ते टाकीत नको. पाणी घरीच बनवायचं : शुद्ध पाण्यात मत्स्यालयासाठीचं तयार समुद्री मीठ. या मिठात सोडिअम क्लोराइडबरोबर मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बायकार्बोनेट समुद्राच्या प्रमाणात असतात, म्हणून स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. आमच्या तीन फुटी टाकीला पहिल्या भरणीला पाच-साडेपाच किलो मीठ लागतं आणि पुढे दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचं तर अर्धा किलोच्या वर. हा कायमचा खर्च आहे, तो पहिल्याच दिवशी वहीत मांडावा. मीठ वेगळ्या पिंपात, छोटा पंप लावून, टाकीबाहेर विरघळवायचं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण त्याच्या काट्यावर हवेचा एक बुडबुडा बसला तरी आकडा खोटा येतो.

आणि शुद्ध पाणी म्हणजे स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी नव्हे. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण हल्ली घरोघरी जे आरओ आहेत त्यांतल्या कितीतरी यंत्रांत तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला ते गुणकारी म्हणून विकतात. कोळंबी, गोगलगाय, खेकडा, प्रवाळ यांना तांबं अत्यल्प प्रमाणातही विष आहे. ठाण्यात एका घरी टाकी तीन महिने छान चालली होती, मासे ठणठणीत, आणि क्लीनर श्रिम्प मात्र आणली की दोन दिवसांत आडवी. काका हवालदिल झाले होते. मी गेलो, चाचण्या केल्या, सगळं जागेवर. पाणी प्यायला दिलं तेव्हा ओट्यावरच्या नव्या आरओकडे नजर गेली. त्याच्या दर्शनी भागावरच तांब्याचा लोटा छापला होता. बाहेरून शून्य टीडीएसचं पाणी आणायला सुरुवात केली, तांबं शोषणारं माध्यम फिल्टरमध्ये घातलं, बरंच पाणी बदललं. पुढची कोळंबी जगली. अजून आहे; काका टाकीत हात घालतात तेव्हा ती खडकावरून उतरून त्यांच्या नखांच्या कडा साफ करते. तसंच डासांच्या लिक्विड मशीनचं आणि झुरळांच्या स्प्रेचं. त्यांतली कीटकनाशकं मासे आणि कोळंबी दोघांनाही घातक, आणि टाकीचा हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. ज्या खोलीत टाकी, त्या खोलीत मच्छरदाणी. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर मला आधी फोन करा, असं मी प्रत्येक घरी सांगून ठेवलंय.

टाकी भरली, खडक रचले, पंप सुरू झाला. यानंतरचे चार ते सहा आठवडे टाकीत मासा नसतो. हा काळ लोकांना सोसवत नाही आणि मला सगळ्यांत आवडतो. खाणं कुजून किंवा माशाच्या शरीरातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट घातक; नायट्रेट थोडं असलं तर मासे सोसतात आणि पाणी बदलून ते काढता येतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात राहतो, म्हणून इथे घाई जास्त महागात पडते. जिवाणू खडकाच्या सच्छिद्र पोटात आणि वाळूत वस्ती करतात, हळूहळू. जुन्या निरोगी टाकीतला एखादा खडक नव्या टाकीत ठेवला की विरजण लावल्यासारखं काम लवकर सुरू होतं.

मी घरच्यांना चाचणीचा संच देतो आणि करायला लावतो. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, वर थेंब, झाकण लावून हलवायचं, थांबायचं. अमोनिया नसेल तर रंग पिवळा, असेल तर हिरवा. पहिल्या आठवड्यात चिमूटभर दाणे टाकल्यावर पिवळ्यात हिरवी झाक येते, मग गर्द हिरवा. मग एके दिवशी हिरवा ओसरतो आणि शेजारच्या नायट्राइटच्या नळीत आकाशी रंग जांभळा होऊ लागतो. डोंबिवलीच्या त्या घरातली मुलगी, सहावीतली, नळ्या ओळीने खिडकीत धरून फोटो काढायची आणि तारखेसकट मला पाठवायची. दोन्ही नळ्या शून्याचा रंग दाखवू लागल्या त्या संध्याकाळी तिने फोनच केला : "काका, पाणी तयार झालं!" मधल्या काळात काचेवर, वाळूवर तपकिरी साय धरते. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची असते, टाकी बिघडल्याची खूण नाही. काही आठवड्यांत आपणच जाते. जुना खडक घातलेला असेल तर रात्री दिवा बंद करून टॉर्च मारून बघावं. काचेवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके उड्या मारत असतात. कोपेपॉड. समुद्राची पहिली जनता.

त्या खडकाबद्दल एक सांगायला हवं. जकार्तातले ली चिन इंग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रातला जिवंत खडक टाकीत ठेवून पाणी निर्मळ राहतं हे दाखवलं आणि हा छंद बदलून गेला. आपण मात्र आपल्या समुद्रातून खडक आणायचा नाही. तो बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो, आणि आपल्याकडची दगडी प्रवाळं २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतली गेली. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा बाळगणं गुन्हा ठरतो. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे, विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत आंग्रिया बँकेवर आहे, आणि त्याची जागा तिथेच आहे. बाजारात सिरॅमिकचे आणि सिमेंटचे, टाकीसाठी बनवलेले सच्छिद्र खडक मिळतात. जिवाणूंना ते पुरतात. कोणी "खास आपल्या ओळखीतून" समुद्री घोडा देऊ करत असेल, तर त्या दुकानातून मीठही घेऊ नका.

आता मासे. पहिल्या टाकीला क्लाउनफिशची जोडी, आणि ती हॅचरीत जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलंय, नवी मुंबईत ऐरोलीलाही त्यांचं प्रजनन होतं. हॅचरीतला मासा दाणे खायला शिकूनच येतो, रोगराई कमी आणतो, आणि समुद्रातून एक मासा कमी उचलला जातो. पकडलेल्या माशांपैकी काही ठिकाणी, विशेषतः फिलिपिन्स-इंडोनेशियाच्या बाजूला, सायनाइडचा फवारा मारून गुंगवलेले मासे असतात. ते दुकानात छान दिसतात आणि पुढे कारण न कळता मरतात. क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीतला मोठा मादी होतो. म्हणून एक मोठा आणि एक लहान घ्यावा. त्यांना समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, लागतंच असं नाही. ॲनिमोनला जुनी, मुरलेली टाकी आणि प्रखर दिवा लागतो, आणि तो मेला तर सगळं पाणी नासवतो. पहिल्या वर्षी तो नको. जोडीच्या सोबतीला एखादा फायरफिश किंवा वॉचमन गोबी, वाळू उकरायला नॅसारियस गोगलगायी, आणि तीन फुटांत एवढं भरपूर झालं.

नेमोच्या सिनेमातली ‘डोरी’, म्हणजे निळा टँग, मात्र नाही. मुलं हट्ट धरतात, मी त्यांच्याशी बसून बोलतो. निळा टँग एक फुटापर्यंत वाढतो आणि दिवसभर लांबच लांब पोहतो. तीन फुटांच्या काचेत तो दर दोन शेपट्यांनी भिंतीला येतो. मँडरिन हा तर डोळ्यांचं पारणं फेडणारा मासा, पण तो जिवंत कोपेपॉड वेचून खातो आणि नव्या टाकीत त्याची डोळ्यांदेखत उपासमार होते. मुलांना हे कळतं. मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

नीट सांभाळलेला क्लाउनफिश वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. म्हणजे सहावीतली मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही तो घरात असेल. इतक्या लांबच्या सोबतीसाठी दोन-तीन महिने थांबणं अवघड नाही. जेव्हा दुकानात जाल तेव्हा रंगावर जाऊ नका, पिशवी बांधायचीही घाई करू नका. दुकानदाराला आधी म्हणा, "दाणे टाकून दाखवा." मासा वर येऊन खाताना दिसला, श्वास संथ असला, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके नसले, तरच पैसे काढा. खात नसेल तर रिकाम्या हाताने परत या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.